जुनं यंत्र, नवी जागा



इतिहासावरच्या व्याख्यानात कपडे वाळवण्याच्या यंत्राबद्दल बोलायचं, तेही जुन्या, कुणीतरी वापरून विकलेल्या यंत्राबद्दल, असं कळल्यावर तुमच्यातल्या काही जणांना हसू आलं असेल. येऊ द्या. पण आपण गणेशपुरीत बसलो आहोत. बाहेर तानसा नदी दुथडी भरली आहे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस या पट्ट्यात पडतो, आणि तो सगळा चार महिन्यांत. इथे, अकलोलीला, वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. माणसं दुरून येऊन अंघोळ करतात आणि ओला पंचा पिशवीत कोंबून तसाच घरी नेतात. पायाखालची जमीन पाणी तापवून देते, पण पंचा काही वाळवून देत नाही. तेव्हा ओल्या कपड्याचा प्रश्न या गावाला परका नाही.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या विषयाची एक खोड अंगात मुरलेली असते, ती म्हणजे आधी शब्द तपासायचे. म्हणून सुरुवात शब्दापासून करू.

आपल्याकडे बहुतेक घरांत 'ड्रायर' म्हणतात तो दोन टबांच्या धुलाईयंत्रातला दुसरा, छोटा टब. त्यात कपडे गरागरा फिरतात आणि पाणी बाहेर फेकलं जातं. पण कपडा बाहेर काढला की तो ओलसरच असतो, दोरीवर टाकावाच लागतो. म्हणजे हे यंत्र वाळवत नाही, पिळतं. मराठीत हे दोन शब्द किती स्वच्छ वेगळे आहेत बघा. पिळणं म्हणजे पाणी पाण्याच्याच रूपात काढणं. वाळवणं म्हणजे उरलेलं पाणी वाफ करून हवेत सोडणं. पहिल्याला नुसता जोर लागतो. दुसऱ्याला उष्णता लागते, कोरडी हवा लागते आणि ओली झालेली हवा निघून जायला वाट लागते. ही तिसरी गोष्ट लक्षात ठेवा. आजचं सगळं व्याख्यान तिच्याभोवतीच आहे.

थोडा हिशोब सांगतो. सहा किलो कपडे यंत्रात चांगले पिळल्यावरही त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरतं. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटच्या जवळपास वीज लागते. त्यात कुणाची हुशारी चालत नाही, तो निसर्गाचा दर आहे. म्हणजे एका घाण्याला किमान अडीच युनिटं, आणि प्रत्यक्षात साध्या यंत्राला तीनच्या वर. आणि ते साडेतीन लिटर पाणी नाहीसं होत नाही. ते घरातच कुठेतरी जातं, किंवा घराबाहेर जातं. कुठे जावं, हे आपण ठरवायचं असतं.

आता इतिहासाकडे वळू.

आपल्या घरांत या प्रश्नाची उत्तरं जुनी आहेत. पडवीत किंवा माजघरात दोन भिंतींमध्ये बांधलेली काथ्याची दोरी नाहीतर बांबू, म्हणजे वलणी. सोवळं पाळणाऱ्या घरांत आणखी एक उंच दांडी असे. सोवळ्याचं वस्त्र तिच्यावर काठीने टाकायचं आणि काठीनेच काढायचं. उद्देश वाळवण्याचा नव्हता, स्पर्श टाळण्याचा होता. कुणाचा स्पर्श टाळायचा, हा त्यातला दुखरा भाग, तो विसरून चालणार नाही. पण गरम हवा वर जाते, म्हणून आढ्याजवळचं ते वस्त्र पावसातही लवकर वाळे, हेही खरं. एका घरात कुणाचा कपडा उंचावर वाळणार आणि कुणाचा चुलीमागच्या कोपऱ्यात कुबट होणार, हे माणसांची पायरी बघून ठरत असे.

बाळंतिणीच्या खोलीत तिसरी तऱ्हा असायची. शेगडीत निखारे, त्यांवर चिमूटभर ओवा किंवा धूप, वर उपडी घातलेली वेताची टोपली आणि टोपलीवर बाळाची दुपटी. खाली विस्तव, मध्ये हवा, वर कपडा. आजीला विचारलं असतं तर 'शेक देतेय' म्हणाली असती. पण कपडे वाळवण्याच्या यंत्राचं मूळ तत्त्व नेमकं हेच आहे.

फ्रान्समध्ये १८०० च्या सुमारास पोशों नावाच्या गृहस्थाने भोकं पाडलेलं एक पिंप तयार केलं. त्यात ओले कपडे घालायचे आणि विस्तवावर धरून हाताने फिरवायचं. कपड्यांना धुराचा वास लागे, काजळी बसे, कधी ते जळत. ७ जून १८९२ रोजी अमेरिकेत जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय संशोधकाला चुलीजवळ कपडे टांगण्याच्या सुधारित चौकटीचं पेटंट मिळालं. विजेवर चालणारं, बंद पेटीत पिंप फिरवणारं यंत्र बाजारात आलं १९३८ साली. विस्कॉन्सिनमधल्या हॅमिल्टन कंपनीने ते काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'जून डे', जून महिन्यातला दिवस. नावात गंमत आहे बघा. त्यांचा जून उन्हाचा, आपला जून पावसाचा. जे यंत्र जिथे जन्मलं तिथलं हवामान ते पोटात घेऊन येतं, याचा इतका सोपा दाखला शोधून सापडायचा नाही.

धंद्यात मात्र यंत्राने कापड वाळवणं घरापेक्षा कितीतरी आधी सुरू झालं होतं, आणि इथे आपण थेट भिवंडीत येतो. मागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ लावावी लागते. खळीतून निघालेलं ओलं सूत वाफेने तापवलेल्या मोठाल्या रुळांवरून फिरवून वाळवतात. भिवंडीच्या सायझिंगमध्ये हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे. रंगाईनंतर कापड वाळवण्याची यंत्रं तर आणखी मोठी. म्हणजे आपल्या तालुक्यातल्या घरांत ड्रायर नवा असेल, तालुक्याला तो नवा नाही.

आणि जुनं यंत्र विकत घेणं तर भिवंडीच्या रक्तात आहे. हा हातमागाचा गाव. उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी तो वाढवला. विसाव्या शतकात वीज आली तसे हातमागाच्या जागी यंत्रमाग बसले. यातले कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी वापरून काढून टाकलेले होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंत त्याचे नेते. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या थंडावल्या, कापडाचं उत्पादन मोठ्या प्रमाणावर यंत्रमागांकडे सरकलं आणि गिरण्यांचे जुने माग ट्रकांतून भिवंडीच्या रस्त्याला लागले. गिरणगावातल्या साचेखात्यात ज्या मागावर कुणाचा बाप उभा राहिला होता, तोच माग इथल्या पत्र्याच्या शेडमध्ये दुसऱ्या कुणाच्या मुलाने चालवला.

आता इथे जरा थांबू. माग आला. पण मागाबरोबर काय आलं नाही?

भारतीय तत्त्वज्ञानात सहकारी कारण अशी एक कल्पना आहे. अंकुराचं कारण बी, हे खरं. पण कणगीतलं बी अंकुरत नाही. माती, पाणी, ऊब मिळाली तरच अंकुरतं. ही सगळी सहकारी कारणं. कार्य घडतं ते सगळी सामग्री जुळल्यावर. यंत्राचंही तसंच आहे. गिरणीच्या साचेखात्यात उंच छत होतं. सूत तुटू नये म्हणून हवेत मुद्दाम ओलावा सोडण्याची व्यवस्था होती. दोन मागांमध्ये चालायला जागा होती, दुरुस्तीला जॉबर होता, कामाच्या तासांवर कायद्याची नजर होती. गिरणी म्हणजे स्वर्ग होता असं आम्ही म्हणत नाही. तिथल्या कामगारांच्या फुफ्फुसांतही कापसाची धूळ गेलीच. पण माग विकला गेला तेव्हा फक्त लोखंड विकलं गेलं. बाकीची सामग्री परळला, लालबागला राहिली. १९४८ चा कारखाने कायदा वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून लागू होत होता, म्हणून कित्येक शेड कागदोपत्री लहान लहान तुकड्यांत विभागल्या गेल्या. खिडक्या बंद, माग खेटून, बारा-बारा तासांच्या पाळ्या आणि हवेत तरंगणारा कापसाचा तूस. यंत्र तेच होतं, जागा ती नव्हती. तुसाला बाहेर जायला वाट ठेवली नाही, म्हणून तो माणसाच्या छातीत गेला.

हा मोठा इतिहास आणि घरातला एक जुना ड्रायर यांची बरोबरी होत नाही, हे आम्हाला कळतं. पण नियम एकच आहे. यंत्र विकत मिळतं. सहकारी कारणं विकत मिळत नाहीत, ती आपण उभी करावी लागतात. नव्या यंत्राबरोबर निदान एक पुस्तिका आणि बसवून देणारा माणूस येतो. जुन्याबरोबर तोही येत नाही. म्हणून जुनं घेणाऱ्यावर जास्त जबाबदारी असते.

आधी घेण्याबद्दल बोलू. आपल्याकडे जुने ड्रायर कुठून येतात? काही हॉटेलांतून आणि लॉन्ड्रीतून. काही परदेशातून परतलेल्या कुटुंबांच्या सामानातून. काही भंगारात निघालेल्या जहाजांवरून. प्रत्येकाची जन्मपत्रिका वेगळी, आणि ती यंत्राच्या पाठीवरच्या पट्टीवर लिहिलेली असते. ती वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आपली घरगुती वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची. युरोपातलं किंवा दुबईचं यंत्र साधारणपणे हिच्याशी जुळतं. सौदी अरेबियात ६० आवर्तनं. जहाजांवरही बहुधा ६०. ६० ची मोटर ५० वर चालवली की ती एक षष्ठांश हळू फिरते, पंखा कमी हवा ओढतो आणि मोटर तापते. अमेरिकेतल्या यंत्राची तऱ्हा आणखी निराळी. त्यातली तापणारी तार २४० व्होल्टवर आणि मोटर १२० व्होल्टवर चालते, कारण त्यांच्या घरात दोन्ही दाब येतात. आपल्याकडे ते मधलं टोक नाही. नुसता प्लग बदलून असं यंत्र लावलं तर मोटर जळते. न्यू जर्सीहून प्रेमाने आणलेला ड्रायर पुण्याला गॅलरीत कुंड्या ठेवायच्या कामी येतो, तो यामुळेच.

दुसरं, कंपनी आणि मॉडेल नंबर लिहून घ्या आणि ते मॉडेल कंपनीने कधी परत मागवलं होतं का ते बघा. ब्रिटनमध्ये व्हर्लपूल कंपनीने २०१५ साली जाहीर केलं की २००४ ते २०१५ दरम्यान बनलेल्या काही ड्रायरांत कपड्यांचा तूस तापणाऱ्या तारेपर्यंत पोहोचून पेट घेऊ शकतो. त्यात हॉटपॉइंट, इंडेसिट ही नावं होती. २०१९ साली ती यंत्रं रीतसर परत मागवावी लागली. असं यंत्र सामानातून इकडे आलं, तर दोषही बरोबर येणार.

तिसरं, ते चालवून बघा, आणि एक ओला टॉवेल घालूनच बघा. पिंप हाताने फिरवल्यावर खरखर आली तर बेअरिंग किंवा आधाराची चाकं झिजलीत. जळका वास आला तर पाठीमागचं झाकण उघडून तूस किती साठलाय ते पाहायचं. तूस अडवणारी जाळी फाटलेली नको. पूर्ण गरम झाल्यावर आपोआप थांबतं का, हेही बघायचं. आणि ज्यात फ्रीजसारखी शीतकयंत्रणा आहे असा नवा प्रकार असेल, तर टेम्पोत आडवा टाकून आणू नये. उभा आणावा आणि काही तास तसाच ठेवून मग सुरू करावा.

आता बसवणं. आमच्या घरी गेल्या वर्षी असा एक वापरलेला ड्रायर आला. बसवायला आलेले वायरमन पूर्वी पंधरा-वीस वर्षं यंत्रमागांवर मिस्त्रीकाम केलेले. आम्ही त्यांना कौतुकाने यंत्र दाखवायला लागलो तर ते म्हणाले, "सर, मशीन नंतर बघतो. आधी सांगा, हवा कुठे सोडायची?"

आम्ही म्हटलं, "भाई, तुम्ही विजेचं काम करता, हवेचं का विचारता?"

ते म्हणाले, "शेडमध्ये बघितलंय ना सर. मशीन सगळे बघतात. हवा कोण बघत नाय."

आमचं चाळीस वर्षांचं अध्यापन त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं.

त्यांनी ज्या क्रमाने काम केलं तो क्रमच तुम्हाला सांगतो. प्रथम जागा. जमिनीवर पाणसळ ठेवून सपाटी पाहिली. यंत्र तिरकं असलं की पिंप एका बाजूला घासतं आणि पट्टा लवकर जातो. मग हवेची वाट. साध्या यंत्राची ओली गरम हवा चार इंची नळीने बाहेर जाते. नळी धातूची, आतून गुळगुळीत, शक्य तितकी आखूड, वळणं कमी. प्लास्टिकची नळी नको, ती वितळते. सांध्यावर आत टोकं निघतील असे स्क्रू नकोत, त्यांत तूस अडकतो. बाहेरच्या टोकाला पावसाचं पाणी आणि पाल आत येऊ नये म्हणून झडप लावायची, पण बारीक जाळी नाही, कारण ती महिन्याभरात तुसाने बुजते. ही हवा पोटमाळ्यावर किंवा स्वयंपाकघराच्या चिमणीत सोडायची नाही.

आणि हवा बाहेर गेली तर तेवढीच आत यायला हवी. असं यंत्र मिनिटाला तीन-चार घनमीटर हवा बाहेर टाकतं. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली सगळी हवा आठ-नऊ मिनिटांत संपली असं समजा. खिडकी बंद असेल तर ते मिळेल तिथून हवा ओढतं. त्याच खोलीत किंवा लगतच्या न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर त्याच्या धुराड्यातला विषारी वायू उलटा घरात ओढला जाऊ शकतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेत जातो. म्हणून गॅस गीझर आणि ड्रायर शेजारी नकोतच.

पावसाळ्यात बाहेरची हवा इतकी ओली, ती आत घेऊन कपडे कसे वाळतील, असं एका श्रोत्याने मघाशी विचारलं. प्रश्न उत्तम आहे. २७ अंशांच्या हवेत ९० टक्के आर्द्रता असली, तरी तीच हवा ६० अंशांपर्यंत तापवली की आर्द्रता १६ टक्क्यांच्या आसपास उतरते. हवेतलं पाणी तेवढंच असतं, तिची पाणी पिण्याची ताकद वाढलेली असते. पण तीच हवा नळीअभावी खोलीत परत परत फिरली, तर यंत्र स्वतःचीच वाफ तापवत बसतं, आणि दोन महिन्यांत भिंतीला बुरशी येते.

मग वीज. अडीच हजार वॅटचं यंत्र म्हणजे अकरा अँपिअरच्या आसपास, तेही सलग तासभर. त्याला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट हवा, निदान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार हवी, स्वतःचा एमसीबी हवा. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचलंय का ते मोजून घ्यावं, आणि गळतीचा प्रवाह ३० मिलिअँपिअरला तोडणारा आरसीसीबी लावावा. ओला हात, ओली फरशी आणि लोखंडी पेटी एकत्र असलेल्या ठिकाणी हा खर्च टाळायचा नसतो. विजेच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो, तोही बघा. वायरमनने शेवटी यंत्र लावलं, नळीच्या बाहेरच्या टोकापाशी हात धरला, हवा जोरात येतेय हे पाहिलं, आणि मगच आमच्याकडून चहा घेतला.

यानंतरचं काम रोजचं. प्रत्येक घाण्यानंतर जाळी साफ करायची, वर्षातून एकदा नळी. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या काळाचा आढावा घेतला, त्यात घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या, आणि सर्वांत मोठं एकटं कारण होतं सफाई न करणं, ३४ टक्के. पोशोंच्या पिंपाला जी भीती होती तीच दोनशे वर्षांनी शिल्लक आहे. विस्तव, हवा आणि कापूस एकत्र आले की कुणीतरी लक्ष ठेवावंच लागतं.

तर मग हे यंत्र घ्यावं की नाही? सहा-आठ महिने ऊन असलेल्या देशात बारा महिने ड्रायर चालवणं आम्हाला पटत नाही. ऊन फुकट आहे, वलणी अजून मजबूत आहे. पण जुलै महिन्यात अंथरूण धरलेला म्हातारा, तान्हं मूल, किंवा चादरी धुऊन पोट भरणारी बाई ज्या घरात आहे, तिथे कोरडा कपडा ही चैन म्हणता येत नाही. नवं परवडत नाही म्हणून जुनं घेण्यातही कमीपणा काही नाही. अख्खी भिवंडी जुन्या यंत्रांवर उभी राहिली. तिथे चुकलं ते जुनं घेण्यात नव्हतं. यंत्रावर मोजून पैसे खर्च झाले आणि त्याच्या भोवतालच्या जागेवर, हवेवर, माणसावर करायचा खर्च वाचवला गेला, तिथे चुकलं.

म्हणून जुना ड्रायर घेताना दोन रकमा बाजूला काढा, एक यंत्राची आणि एक बसवण्याची. दुसरी रक्कम पुरत नसेल तर पहिलीही खर्च करू नका, पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबा. आणि नळीचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे करू नका. आपल्या घरातली वाफ बाहेर गेली म्हणजे ती संपत नाही. ती कुणाच्या तरी दारात जाते.

आता प्रश्न असतील तर घेऊ.